सरोवराच्या काठी एक दिवस : नवेगावबांधच्या सहलीचे नियोजन



शाळेच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत सहलीला एक ठरलेले स्थान असते. दिवाळीची सुटी संपते, धानाची कापणी उरकते, हवेत गारवा येतो आणि मुलांच्या तोंडी सहलीचा विषय सुरू होतो. मुख्याध्यापक एखादा रविवार निवडतात, वर्गणी ठरते, गाडी सांगितली जाते आणि सहल पार पडते. ती सुखरूप पार पडली म्हणजे सर्वजण समाधान मानतात. परंतु मुलांनी काय पाहिले, काय आत्मसात केले आणि ज्या गावी ती गेली त्या गावाला या भेटीतून काय लाभले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. एका दिवसाची सहल ही छोटीशी बाब दिसत असली तरी तिच्यात शिक्षण, सुरक्षितता, वनसंरक्षण आणि ग्रामविकास असे चार धागे गुंतलेले आहेत. यांपैकी एक धागा सुटला तरी संपूर्ण वीण सैल होते.

या विषयाची चर्चा मोघम होऊ नये म्हणून येथे एकच स्थळ डोळ्यांपुढे ठेवले आहे. ते म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध. गोंदियापासून सुमारे ६५ किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत विसावलेले हे सरोवर आणि त्याला लागून असलेले राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील एक अमोल ठेवा आहे. येथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी राज्यातील कोणत्याही जलाशयाच्या वा अभयारण्याच्या सहलीला थोड्याफार फरकाने लागू पडतील.

जलाशयाची कुळकथा

नवेगावचे सरोवर निसर्गनिर्मित नाही. ते मनुष्याच्या हातांनी बांधलेले आहे आणि गावाच्या नावातील 'बांध' या शब्दातच त्याचा इतिहास साठवलेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. भोवताली डोंगरांचे कडे होते. त्यांच्यामधील खिंडी मातीच्या पाळींनी बंद करण्यात आल्या आणि डोंगरांवरून वाहून जाणारे पावसाचे पाणी जागच्या जागी अडले. तलावाचा परीघ सुमारे १७ मैल आणि खोली काही ठिकाणी ९० फुटांपर्यंत असल्याचा उल्लेख त्याच गॅझेटियरांत आढळतो. यंत्रसामग्री नाही, सिमेंट नाही, मोजणीची आधुनिक साधने नाहीत, अशा काळात केवळ उताराचे अचूक ज्ञान आणि श्रमिकांचे हात यांच्या बळावर हे काम उभे राहिले.

तलावाभोवतीच्या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. या बहिणींनी कोलू पाटलांना बांधाच्या कामात साहाय्य केले, अशी लोकांची श्रद्धा आहे. पुढे कोलू पाटलांनाच देवत्व प्राप्त झाले आणि 'कोलासूर' या नावाने त्यांचे पूजन होऊ लागले. ज्या समाजाने धरण बांधणाऱ्या माणसाला देव मानले, त्या समाजाला पाण्याची किंमत किती नेमकी कळली होती, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत अशा तलावांची संख्या काही हजारांच्या घरात जाते. कोहळी समाजाने या कामात विशेष कीर्ती मिळवली. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन द्यावयाची, असे गोंड राजांचे धोरण होते, असे परंपरा सांगते. पुढे मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या देखरेखीखाली आले आणि 'मालगुजारी तलाव' हे नाव रूढ झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. मालकी बदलली; परंतु दरवर्षी पाळीवर माती चढवणे, तुडूम म्हणजे पाणी सोडण्याचे दार दुरुस्त करणे, सांडव्याची वाट मोकळी ठेवणे ही गावाने मिळून करावयाची कामे अनेक ठिकाणी मागे पडली. गाळ साचला, 'बेशरम' नावाच्या झुडपाने काठ व्यापले आणि कित्येक तलावांची साठवणशक्ती घटली. नवेगावचा प्रशस्त जलाशय पाहताना मुलांना आपल्या गावच्या लहान तलावाची आठवण झाली, तर सहलीचा पहिला उद्देश साध्य झाला असे समजावे.

काय पाहावे

नवेगावच्या अरण्याला २२ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर आहे. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका या क्षेत्रांचा मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. महाराष्ट्रातील तो पाचवा व्याघ्र प्रकल्प होय. साग, ऐन, बिजा, हळदू, तेंदू, मोह, कुसुम आणि बांबू यांनी हे अरण्य समृद्ध आहे. गवा, सांबर, चितळ, नीलगाय, अस्वल, बिबट्या आणि रानकुत्रे यांचा येथे वावर असतो. वनाधिकारी व ख्यातनाम लेखक मारुती चितमपल्ली यांनी या परिसरात दीर्घकाळ सेवा केली. माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या स्थानिक जाणकारांकडून मिळालेले अरण्यज्ञान त्यांनी आपल्या लेखनातून मराठी वाचकांपर्यंत पोचवले. २०२५ मध्ये चितमपल्ली यांचे निधन झाले. सहलीपूर्वी त्यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकातील निवडक भागांचे वर्गात वाचन झाले, तर मुले अनोळखी ठिकाणी जात आहेत असे त्यांना वाटणारच नाही.

मात्र एका दिवसाच्या सहलीत वाघ दिसेल अशी आशा मुलांच्या मनात पेरू नये. वाघ दिसला नाही म्हणजे सहल फुकट गेली, ही समजूत अशा आशेतूनच जन्म घेते. हिवाळ्यातील नवेगावचे खरे वैभव पाण्यावर असते. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दूरदूरच्या प्रदेशांतून पक्षी येथे उतरतात. तिबेट आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब, नारिंगी वर्णाचा चक्रवाक, लांब शेपटीचा तलवार बदक, लालसरी आणि चक्रांग ही त्यांतील काही नावे. त्यांच्याबरोबर वारकरी, पाणकावळा, ढोकरी, जांभळी पाणकोंबडी आणि खंड्या हे पक्षीही दिसतात. कमळपक्षी आपल्या लांब बोटांच्या आधारे तरंगत्या पानांवरून चालतो. त्याच्या कुळात अंडी उबवण्याचे काम नर करतो. उघड्या चोचीचा मुग्धबलाक शिंपल्यांवर आणि गोगलगाईंवर जगतो. अशा एकेका पक्ष्याची एकेक गोष्ट सांगितली तर ती मुलांच्या स्मरणात राहते. नावांची लांबलचक यादी राहत नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात सारस पक्ष्याचा उल्लेख अगत्याचा आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वाधिक उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आज मुख्यतः याच जिल्ह्यात टिकून आहे आणि त्याची संख्या अत्यल्प आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत घरटे करतो. म्हणजे त्याचे भवितव्य अभयारण्याच्या कुंपणात नसून शेतकऱ्याच्या हाती आहे. शेतकऱ्याच्या मुलामुलींना ही गोष्ट समजणे, हे कोणत्याही फलकावरील सूचनेपेक्षा अधिक परिणामकारक ठरेल.

हंगाम आणि वेळापत्रक

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा या सहलीचा योग्य काळ. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातील पर्यटन बंद असते. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वन्य प्राणी दिसण्याची शक्यता वाढते हे खरे. परंतु पूर्व विदर्भातील उन्हात लहान मुलांना दिवसभर हिंडवणे शहाणपणाचे नव्हे. उद्यानाला आठवड्यातील कोणत्या दिवशी सुटी असते, याची चौकशी तारीख निश्चित करण्यापूर्वी वन विभागाकडे करावी. रविवार व जोडून येणाऱ्या सुट्या टाळून मधला एखादा वार घेतल्यास गर्दी कमी लागते आणि मार्गदर्शकाला मुलांकडे अधिक लक्ष देता येते.

वेळापत्रक आखताना बहुतेक ठिकाणी निघण्याच्या वेळेपासून आरंभ केला जातो. वस्तुतः ते परतीच्या वेळेपासून मागे मोजत यावे. गोंदिया जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला आहे. डिसेंबरात येथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो; मुंबईत तो त्यानंतर जवळजवळ अर्ध्या तासाने मावळतो. पश्चिम महाराष्ट्रातील अनुभवावर बेतलेले वेळापत्रक येथे अंधारात संपते. जंगलालगतच्या रस्त्यावर अंधार पडल्यानंतर वन्य प्राणी आडवे येण्याचा धोका वाढतो, हेही ध्यानी घ्यावे.

समजा, शाळा दोन तासांच्या अंतरावर आहे. दिवे लागण्यापूर्वी मुले घरी पोचावयाची असतील तर परतीची गाडी साडेतीनला हलली पाहिजे. म्हणजे सव्वातीनला शेवटची गणती, आणि तीन वाजता सर्व कार्यक्रम समाप्त. दुसऱ्या बाजूने, पक्षिनिरीक्षणाला सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास उत्तम; यासाठी शाळेतून सहाच्या आत निघून आठला काठावर असणे इष्ट. अशा रीतीने हाती सात तास उरतात. त्यांची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल : आठ ते दहा पक्षिनिरीक्षण, त्यानंतर न्याहारी, साडेदहा ते बारा पाळ, पाण्याचे दार व सांडवा यांची पाहणी, बारा ते एक भोजन, एक ते दोन विश्रांती व टिपणे लिहिणे, दोन ते तीन वनस्पतींची ओळख व गावातील एखाद्या जाणत्या व्यक्तीशी संवाद.

या वेळापत्रकात जंगलातील वाहनफेरी नाही, हे लक्षात येईल. ती पहाटे अथवा दुपारनंतर ठरावीक वेळीच असते. तिच्यात दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो आणि अनेक मुलांना एकाच वेळी नेणेही शक्य नसते. जलाशय की जंगल, याची निवड आधीच करावी. जवळच इटियाडोहचे धरण आहे, गोठणगावची तिबेटी वसाहत आहे, प्रतापगड आहे. ही सर्व स्थळे त्याच दिवशी उरकण्याचा मोह अनेकांना होतो. असे केल्याने मुलांचा दिवस गाडीच्या आसनावर जातो आणि चार ठिकाणी फक्त छायाचित्रे निघतात. एक स्थळ निवांतपणे पाहणे, हेच एका दिवसाच्या सहलीचे सूत्र असावे.

पूर्वतयारी

सहलीच्या किमान एक महिना आधी दोन शिक्षकांनी स्थळाला प्रत्यक्ष भेट द्यावी. गाडी कोठे थांबेल, स्वच्छतागृहे कोठे आहेत आणि ती खरोखर वापरण्याजोगी आहेत काय, पिण्याचे पाणी कोठे मिळेल, काठावर कोणती जागा निसरडी आहे, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि तेथे सर्पदंशावरील लस आहे काय, कोणत्या ठिकाणी दूरध्वनीचा संपर्क तुटतो, या बाबींची नोंद करावी. मुलींच्या आणि शिक्षिकांच्या सोयीचा विचार शिक्षिकेनेच करावा हे उत्तम. अपंग विद्यार्थी असल्यास त्याला पाळीपर्यंत कसे नेता येईल, हे याच भेटीत ठरवावे. त्याला गाडीत बसवून ठेवणे म्हणजे सहलीला नेणे नव्हे.

शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी, पालकांची लेखी संमतीपत्रे आणि वन विभागाची परवानगी ही तीन कागदपत्रे सहलप्रमुखाजवळ असावीत. संमतीपत्रात मुलाचा आजार, ॲलर्जी, नित्याचे औषध आणि पालकांचा संपर्क क्रमांक यांची माहिती घ्यावी. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्या प्रासंगिक करारावर मिळतात आणि शालेय सहलींना भाड्यात सवलत दिली जाते. त्यासाठी आगाराकडे लवकर अर्ज करावा. खाजगी गाडी घ्यावयाची झाल्यास तिचा परवाना, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. जितकी आसने तितकीच मुले, हा नियम वर्गणी कमी करण्याच्या मोहापायी मोडला जातो. तो मोडू नये.

वर्गणीचा प्रश्न नाजूक आहे. वर्गातील पाच-सहा मुले पैशाअभावी मागे राहतात आणि दुसऱ्या दिवशी इतरांच्या गप्पा मान खाली घालून ऐकतात. त्या मुलांच्या दृष्टीने ती सहल नसून शिक्षा असते. दूरचे खर्चिक स्थळ वगळून जवळचे निवडावे आणि उरलेली तूट ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती वा गावातील दात्यांनी गाजावाजा न करता भरून काढावी. एकही विद्यार्थी पैशासाठी मागे राहिला नाही, अशी नोंद सहलीच्या अहवालात करता यावी.

पाण्याची शिस्त

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. २० फेब्रुवारी २००७ रोजी केरळात तट्टेकाड पक्षी अभयारण्याजवळ पेरियार नदीत शाळेच्या सहलीची नाव बुडाली. १५ विद्यार्थी व ३ शिक्षक प्राणांस मुकले. नावेत तिच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे होती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रकिनारी पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटून १२ शाळकरी मुले व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेतील अनेक मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. तिन्ही प्रसंगी वादळ नव्हते, महापूर नव्हता. सहलीचा साधा, उजेडाचा दिवस होता. तिन्ही घटनांच्या तारखाही नीट पाहाव्यात. त्या सर्व जानेवारी-फेब्रुवारीतील, म्हणजे सहलींच्या हंगामातील आहेत.

या घटनांचा बोध घेऊन काही नियम सहलीपूर्वीच लेखी स्वरूपात ठरवावेत आणि ते पालकांनाही कळवावेत. पहिला नियम असा की, कोणत्याही विद्यार्थ्याने पाण्यात उतरावयाचे नाही. हात-पाय धुण्यासाठीसुद्धा नाही. त्यासाठी गाडीत पाण्याची टाकी न्यावी. पोहता येणाऱ्या मुलांनाही हाच नियम लागू राहील. तलावाचा काठ उथळ दिसतो. परंतु मातीच्या पाळीलगत खोली एकाएकी वाढते, गाळात पाय रुततो आणि पाणवनस्पती पायांना गुंतवतात. पाळीवरील दगड शेवाळाने गुळगुळीत झालेले असतात. काठापासून दहा पावलांवर दोरी धरून अथवा चुन्याची रेघ ओढून मर्यादा आखावी. तिच्या पलीकडे मोठ्या माणसाशिवाय कोणी जाऊ नये.

दुसरा नियम नौकाविहारासंबंधी. ती सोय असो वा नसो, कार्यक्रमात त्याचा समावेश न करणे हेच श्रेयस्कर. आग्रहच झाला तर प्रत्येकाच्या अंगात, त्याच्या मापाचे, बंद लावलेले जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज नाव हलू देऊ नये. नावेची क्षमता किती हे वाचून घ्यावे आणि नाविकाच्या 'चालेल' या शब्दावर विसंबू नये. अशा वेळी 'नाही' म्हणण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठ शिक्षकालाही असावा आणि तो त्याने वापरल्यास मुख्याध्यापकांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे.

तिसरा नियम गणतीचा. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक वा जबाबदार पालक असावा आणि त्याच्याजवळ त्या दहांची नावे असावीत. मुलांच्या दोन-दोनांच्या जोड्या कराव्यात; जोडीदार दिसेनासा होताच दुसऱ्याने तत्काळ सांगावयाचे. गाडीत चढताना, उतरताना, भोजनापूर्वी आणि भोजनानंतर गणती घ्यावी. काठावर उभा राहणारा एक शिक्षक केवळ पाण्याकडे लक्ष ठेवण्यासाठी नेमावा; त्याने छायाचित्रे काढू नयेत, दूरध्वनीवर बोलू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते, हे प्रत्येकाला ठाऊक असावे.

अरण्याची शिस्त

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांना त्रास देणे, कचरा टाकणे आणि आग पेटवणे यांस मनाई आहे. हे नियम मुलांना धाकाच्या भाषेत न सांगता कारणांसह सांगावेत. हिमालय ओलांडून आलेला पक्षी पाण्यावर स्वस्थ तरंगताना दिसतो, तेव्हा तो परतीच्या प्रवासासाठी अंगात शक्ती साठवत असतो. आरडाओरड्याने त्याला वारंवार उडावे लागले तर ती शक्ती वाया जाते. माकडांना खाऊ घातला की ती पुढच्या पाहुण्यांच्या हातांतून खाऊ हिसकावू लागतात. अशी कारणे कळली की मुले स्वतःहून शांत राहतात. कित्येकदा ती मोठ्यांनाही गप्प करतात.

भडक रंगांचे कपडे, ध्वनिवर्धक आणि गाडीतील कर्कश गाणी ही घरीच ठेवावीत. डबे घरून आणावेत अथवा गावात जेवण सांगावे. वेष्टनातील खाऊ, थर्माकोलच्या पत्रावळी व प्लॅस्टिकचे पेले वर्ज्य करावेत. पूर्व विदर्भात पळसाची कमतरता नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ हा उत्तम पर्याय आहे. प्रत्येक गटाजवळ एक पिशवी असावी आणि जेवढे नेले तेवढे परत आणावे.

गावाचा वाटा

अशी स्थळे ज्यांच्या हद्दीत वा शेजारी आहेत, त्या ग्रामपंचायतींची जबाबदारी प्रवेशकर गोळा करण्यापुरती नाही. अरण्य राखण्याची झळ आधी शेजारच्या गावाला लागते. गुरांच्या चराईवर बंधने येतात, रानडुकरे व नीलगाई पिकांची नासाडी करतात आणि कधी माणसावरही हल्ला होतो. पर्यटनाचा लाभ मात्र शहरातील गाडीवाल्याला आणि उपाहारगृहाला मिळतो. हे पारडे सरळ करण्याचा एक सोपा उपाय सहलींच्या हाती आहे. महिला बचत गटाकडून भात, वरण, भाजीचे जेवण घ्यावे. मार्गदर्शक म्हणून गावातील तरुण घ्यावा. पाण्याची व माशांची नस जाणणारा ढिवर समाजातील एखादा वृद्ध मच्छीमार मुलांशी बोलण्यास बोलवावा आणि त्याला सन्मानाने मानधन द्यावे. देवधान म्हणजे काय, कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीखाली अंडी घालतो, हे ज्ञान अनुभवातून आलेले असते. ते पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

ग्रामपंचायतीने स्वच्छ स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, काठावर धोक्याचे ठळक मराठी फलक आणि सुटीच्या दिवशी दोरी व तरंगणारे चाक घेऊन उभा असलेला एक पोहणारा, एवढी व्यवस्था ठेवली तरी पुष्कळ झाले. खर्च थोडा आहे. न केल्यास मोजावी लागणारी किंमत फार मोठी आहे.

सहलीनंतर

सहल गावी परतल्यावर संपत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाने आपल्या नोंदी वर्गात मांडाव्यात : कोणते पक्षी दिसले, किती दिसले, ते काय करीत होते, पाळीची उंची किती वाटली, पाण्याचे दार कोठे होते. पुढच्या आठवड्यात हीच वही घेऊन मुलांना मोठ्या माणसांसमवेत आपल्या गावच्या तलावावर न्यावे. तेथे किती गाळ आहे, बेशरमीने किती काठ गिळला आहे, सांडवा मोकळा आहे काय, कोणते पक्षी उतरतात, याची नोंद त्यांनी करावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. अनेक गावांत ही नोंदवही एकदा लिहून कपाटात ठेवलेली असते. मुलांच्या दरवर्षीच्या नोंदींनी ती जिवंत राहू शकेल. त्याच नोंदी ग्रामसभेपुढे आल्या तर तलावातील गाळ काढून शेतात टाकण्याच्या कामाला एक विश्वासार्ह आधार मिळेल.

कोलू पाटलांच्या काळात बांध बांधताना कोणाला राष्ट्रीय उद्यानाची वा पर्यटनाची कल्पना नव्हती. त्यांना आपल्या धानाला आणि उसाला पाणी हवे होते. त्यांनी ते इतक्या नेटकेपणाने अडवले की सुमारे तीनशे वर्षांनंतरही त्या पाण्यावर शेती, मासेमारी, अरण्य आणि परदेशी पाहुणे पक्षी यांचा निर्वाह चालू आहे. नीट आखलेल्या कामाचे आयुष्य किती दीर्घ असते, याचा हा वस्तुपाठ आहे. मुलांना तेथे नेणाऱ्यांनी निदान एका दिवसाची आखणी तितक्याच काळजीने करावी. सकाळी जितकी मुले गाडीत बसली तितकी सायंकाळी आपापल्या घरी पोचली पाहिजेत, आणि त्यांच्यातील काहींनी तरी दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्या तलावाकडे नव्या नजरेने पाहिले पाहिजे. सहलीच्या यशाची याहून वेगळी कसोटी नाही.